एका खिशाचं अंतर

ऐकणारे म्हणतात, दुःखात माणसाला काहीही भासतं. म्हणू देत.

पण ज्या गादीची ही हकीकत आहे, ती गादी अजून आहे. मोडीत काढलेली नाही, जाळलेली नाही. तिच्यावर आज रात्रीही एक बाई झोपेल.

आणि हे रात्री घडलेलं नाही. सुट्टीच्या दिवशी घडलं, भर दुपारी, गाद्यांच्या स्प्रिंगा बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्याच्या मागच्या खोलीत. खिडकीतून टेबलावर ऊन आलेलं होतं. बाहेर कोणीतरी पाइप लावून गाडी धूत होतं.

घाबरावं असं तिथे काहीही नव्हतं.

कारखाना तिच्या बाबांनी उभा केलेला. ती एकुलती एक, तरी बाबा तिला 'थोरली' म्हणायचे. कोणी विचारलं, "मग धाकटं कुठे आहे?" तर कारखान्याकडे बोट दाखवायचे. "ते काय, तिथे खडखडतंय. सारखं रडतं, सारखं खायला मागतं. हिच्यापेक्षा जास्त लाडावलंय."

पुढे सगळेच तिला थोरली म्हणायला लागले.

बाबांच्या काळात गादीतल्या स्प्रिंगा एकमेकींना तारेने बांधलेल्या असत. एक दबली की शेजारच्याही दबत. पलंगाच्या एका कडेला कोणी बसलं की दुसऱ्या कडेचं माणूस झुलायचं. थोरलीने कारभार हातात घेतला आणि नवं मशीन आणलं. हे मशीन प्रत्येक स्प्रिंगला कापडाच्या वेगळ्या खिशात घालतं. तार वेटोळी होऊन येते, दाबली जाते आणि चकतीसारखी चपटी होऊन कापडाच्या दोन पदरांमध्ये आडवी सरकते. खिसा चिकटवून बंद होतो. मग वरून एक फटका बसतो, आणि आतली स्प्रिंग टप्पकन वळून उभी राहते. अशा खिशांच्या माळा गरम गोंदाने एकमेकींना चिकटवल्या की गादीचा गाभा तयार.

त्यात प्रत्येक स्प्रिंग आपापली दबते. शेजारणीला पत्ता लागत नाही.

दुकानदारांना थोरली हेच सांगायची. "शेजारचं माणूस रात्रभर तळमळलं, तरी तुमची झोप मोडणार नाही."

पहिला गाभा तयार झाला तेव्हा बाबांनी त्यावर बराच वेळ हात फिरवला.

"म्हणजे प्रत्येकीला वेगळी खोली दिलीस," ते म्हणाले. "माझं चांगलं एकत्र कुटुंब मोडलंस की गं."

मशीन चालवणारे उस्ताद त्या वेळी तोंड फिरवून हसले होते. ते बाबांच्या पहिल्या मशीनपासूनचे. मालकांसमोर दात काढायचे नाहीत, हा त्यांचा जुना नेम.

मग बाबांचं हृदय थकलं.

दिवस कसाबसा जायचा, पण रात्री त्यांना पडवत नसे. उठून बसायचे, पुन्हा आडवे व्हायचे, या कुशीवरून त्या कुशीवर. जुन्या गादीवर त्यांची प्रत्येक हालचाल आईपर्यंत पोचायची. ती उठायची, पाणी द्यायची, पाठीला उशी लावायची. दिवसा ओट्यापाशी उभ्या उभ्या डुलक्या घ्यायची. अशाच एका डुलकीत तिने उकळतं पातेलं हातावर पाडून घेतलं.

थोरलीने तो भाजलेला हात पाहिला आणि ठरवून टाकलं.

गाभ्याचा एकूण एक खिसा तिने स्वतः दाबून पाहिला. फोम स्वतः निवडला. गादी घरी आली तेव्हा बाबा दारातच वाट अडवून उभे राहिले.

"जुनी काय वाईट आहे?"

"ही तुमच्यासाठी नाही, आईसाठी आहे. तिला झोप हवीय."

"आणि मला रात्री काही झालं तर?"

"हाक मारायची."

"हाक नाही मारता आली तर?"

"बाबा, तुमच्या हाकेने मागच्या गल्लीतले लोक उठतात."

आई हसली. किती दिवसांनी हसली होती. ते बघून बाबाही हसले आणि दारातून बाजूला झाले.

"बरं बाई. आता हिला उठवायचं म्हणजे पत्रच टाकायला हवं."

आई झोपायला लागली. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. भाजलेला हात भरून आला. थोरलीला मनातून अभिमान वाटत होता... आपण बनवलेल्या वस्तूने आपल्याच घरात काम केलं याचा.

आणि एका सकाळी आईला ऊन तोंडावर येईपर्यंत जाग आली नाही.

इतकी गाढ झोप लागली होती की तेच सांगायला ती बाबांकडे वळली.

ते कुशीवर होते. तिच्याकडे तोंड करून. पांघरूण गळ्यापर्यंत घेतलेलं.

डॉक्टर म्हणाले, क्षणात झालं असेल. कदाचित त्यांना काही कळलंही नसेल.

थोरलीने त्यातला 'कदाचित' एवढाच शब्द घरी आणला.

आईने तिला दोष दिला नाही. एकदाही नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती एवढंच सांगायची, "मला कळलंच नाही हो. शेजारी होते, आणि मला कळलंच नाही." ती हे सांगायला लागली की थोरली रिकामे कप गोळा करून आत जायची. कप नसले तर नुसतीच आत जायची.

गादीबद्दल घरात कोणी बोललं नाही.

काही आठवड्यांनी आई मटार सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "रात्री फार कूस बदलतात."

"कोण?"

"कोण म्हणजे?"

थोरलीच्या हातातला दाणा ताटलीत पडला.

"आई... गादी हलते का तुझी?"

"हो ना. आधी कळायचं नाही बघ. आता कळतं."

आई हे अगदी साध्या आवाजात म्हणाली. थोरली उठली आणि तिने आईला पलंगावर नेऊन झोपवलं. आई सवयीप्रमाणे उजव्या कुशीवर वळली, बाबांच्या जागेकडे पाठ करून. थोरली त्या जागेवर बसली. उठली. पुन्हा धपकन बसली.

"कळतं का?"

"नाही."

"आता?"

"नाही गं. तू हललीस तर कसं कळेल?" आई म्हणाली. "ते हलले की कळतं."

थोरलीने गादी कारखान्यात न्यायचं ठरवलं. दुरुस्तीला, असं म्हणाली. मनात होतं की परत आणायचीच नाही. आई दारापर्यंत आली. गाडीत चढणाऱ्या गादीकडे बघत तिने विचारलं, "आणशील ना परत?"

थोरलीला 'हो' म्हणावं लागलं.

जेवणाच्या सुट्टीत मशीन थांबलं, तेव्हा तिने आणि उस्तादांनी गादी मागच्या खोलीतल्या टेबलावर चढवली. कडेची पट्टी उसवली. वरचं कापड आणि फोम गुंडाळत नेला. आईच्या बाजूच्या गाभ्याची कड दिसली. पांढरे खिसे, टपोरे, ताठ उभे. एकही खाली नाही.

मग बाबांची बाजू उघडी झाली...

उस्तादांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला.

तिथले खिसे बसलेले होते. आतल्या स्प्रिंगा आडव्या, चपट्या, मशीनमधून फटका बसण्याआधी असतात तशा. सगळ्या नाही. मधल्याच. आणि त्यांना आकार होता.

डोकं. खांदा. कंबर. मुडपलेले गुडघे.

कुशीवर झोपलेलं माणूस.

"मशीनमधूनच अशा गेल्या असतील," उस्ताद म्हणाले.

"मी तपासलाय हा गाभा."

"ठाऊक आहे," ते हळूच म्हणाले. "मी तेव्हा शेजारी उभा होतो."

 उभी राहिलेली स्प्रिंग बंद खिशात पुन्हा आडवी होत नाही. तिला वळायला जागाच नसते, चारी बाजूंनी शेजारणी आवळून धरतात. हे उस्तादांना माहीत होतं आणि थोरलीलाही माहीत होतं. म्हणून तर दोघांपैकी कोणीच ते बोलून दाखवलं नाही.

मग थोरलीला ती ओळ दिसली.

खांद्यापासून निघालेली. एकाच खिशाच्या रुंदीची. आडव्या स्प्रिंगांची ओळ बाबांची बाजू सोडून, मधली रेघ ओलांडून, आईच्या बाजूला गेली होती.

हात.

थोरलीने गुंडाळलेला फोम पुन्हा पसरला. त्यात आईच्या पाठीएवढा खळगा पडलेला होता. एका हाताने तिने खळग्याची कड धरली, दुसऱ्या हाताने खालच्या ओळीचं टोक चाचपलं.

दोन्हींच्या मध्ये एक खिसा होता.

एकच. ताठ उभा.

"मालक..." उस्तादांनी सुरुवात केली आणि गिळून टाकलं. मग ते बाहेर गेले. जेवणाची सुट्टी संपली नव्हती, डबा उघडलेला नव्हता, तरी त्यांनी जाऊन मशीन सुरू केलं.

त्या खडखडाटात थोरली एकटी उभी राहिली.

आता काय करावं? आईला सांगावं? की त्यांना कळलं होतं. हाक नाही मारता आली. त्यांनी हात लांब केला, आणि हलणारी गादी मी आधीच काढून घेतली होती... हे सांगावं?

चुकून आडव्या राहिलेल्या स्प्रिंगा उभ्या करायला कारखान्यात एक लाकडी थापी असते. तिने ती उचलली.

गुडघ्यांपासून सुरुवात केली. टप्. टप्. कंबर उभी राहिली. डोकं उभं राहिलं. हात तिने शेवटी ठेवला होता. तो खांद्याकडून उठवता आला असता. पण ती बोटांकडून निघाली. एकेक खिसा... मागे... मागे... खांद्यापर्यंत.

मधेच तिला कळलं की आपण तो हात मागे ढकलतोय.

ती थांबली नाही.

संध्याकाळी गादी घरी गेली.

"काय निघालं आत?" आईने विचारलं.

"काही नाही. दोनचार स्प्रिंगा सैल झाल्या होत्या."

"आता?"

"आता ठीक आहे."

सकाळी आई खुर्चीत बसलेली होती. पलंग न विस्कटलेला. दुसऱ्या सकाळी तेच. तिसऱ्या दिवसापासून तिचं जेवण कमी झालं. रात्री ती पलंगाच्या कडेला बसून बाबांच्या जागेवर तळहात टेकवून ठेवायची, दुधाला उकळी येतेय का ते बघत थांबावं तशी.

शेवटी तिने विचारलंच. आवाज चढवला नाही.

"तू त्यांना काय केलंस?"

"आई, मी फक्त गादी दुरुस्त केली."

"मी सांगितलं होतं का दुरुस्त करायला?"

 आधीही तिला कोणी सांगितलं नव्हतं. भाजलेला हात बघून तिने स्वतःच ठरवलं होतं.

"होती तशी करून आणते," ती म्हणाली.

कशी करणार, हे आईने विचारलं नाही.

म्हणून ती सुट्टीची दुपार. कारखान्यात कोणी नाही. मशीन बंद. बाहेर पाइपातून गाडीवर पडणारं पाणी तेवढं ऐकू येत होतं. थोरलीने पुन्हा पट्टी उसवली, फोम उलटला. जिथे खांदा होता तिथल्या एका खिशावर दोन्ही अंगठे रोवून स्प्रिंग दाबली, तिरकी केली, जीव खाऊन आडवी केली.

हात काढला.

टप्. स्प्रिंग उभी.

पुन्हा दाबली. टप्. नखं दुखायला लागली. तिने पक्कड आणली. पकडीत खिसा फाटला, तार उसळून भिंतीवर आदळली आणि कोपऱ्यात जाऊन बराच वेळ थरथरत राहिली.

जे बाबांनी एकट्याने, काळोखात, अखेरच्या घटकेला केलं होतं, ते तिच्याच्याने होत नव्हतं.

ती रडली नाही. टेबलाच्या कडेला बसली. मग चपला काढल्या आणि उघड्या गाभ्यावर आडवी झाली. आईच्या जागी. उजव्या कुशीवर, बाबांच्या बाजूला पाठ करून. आईला काय कळलं असतं आणि काय नाही, एवढंच तिला बघायचं होतं.

समोरच्या भिंतीवर ऊन होतं.

बाहेरचं पाणी थांबलं.

आणि मग... मागून एक आवाज आला.

उभ्या राहणाऱ्या स्प्रिंगचा आवाज तिच्या ओळखीचा होता. हा तो नव्हता. हा त्याच्या उलट होता. काहीतरी दबत, वळत, आत जाण्याचा. कोणीतरी सावकाश श्वास घ्यावा तसा.

फाटलेला खिसा असेल, तिने मनाशी म्हटलं.

पुन्हा आला. त्याच्या जरा वर. मग आणखी वर.

गुडघे. कंबर.

खांदा.

मग शांतता.

थोरलीने डोळे मिटले नाहीत. भिंतीवरच्या उन्हात स्वतःच्या कोपराची सावली दिसत होती. तिच्यावरच तिने नजर बांधून ठेवली. सावली हलत नव्हती. म्हणजे आपण हललेलो नाही. म्हणजे हे आपण करत नाही.

मग हात निघाला.

आता ते नुसतं ऐकू येत नव्हतं. एकेक स्प्रिंग बसत होती आणि ते तिला पाठीतून कळत होतं. शेजारणीला पत्ता लागू न देणारा तिचा गाभा तिला एकेक खिसा सांगत होता. एक... मग थांबणं. जणू दम लागला होता. मग पुढचा. पुन्हा थांबणं.

इतका वेळ लागला होता तर त्यांना. क्षणात नव्हतं झालं.

तिला हाक मारायची होती. 'बाबा' एवढाच शब्द. पण घसा मिटला होता. तिच्या लक्षात आलं, त्यांचंही असंच झालं असणार. हाक मारायची, असं आपण किती सहज सांगितलं होतं.

मधली रेघ ओलांडली.

पाठीच्या अगदी मागचं कापड खाली बसलं. कण्याला तो पोकळ खड्डा जाणवला. आता एकच खिसा उरला होता.

तिला काही करायचं नव्हतं. उठायचं नव्हतं, वळायचं नव्हतं, बोलायचं नव्हतं. फक्त पडून राहायचं होतं. एवढा एक खिसा.

ती उठली.

उठली म्हणजे टेबलावरून खाली कोसळलीच. गुडघे फरशीवर आपटले. तशीच सरपटत ती भिंतीपर्यंत गेली. कितीतरी वेळाने तिने मान वर केली.

गाभ्यावर ऊन पडलेलं होतं. डोकं, खांदा, कंबर, मुडपलेले गुडघे, सगळं होतं तसं. हातही होता. तो फाटका खिसा सोडून बाकी सगळं पहिल्यासारखं.

आणि शेवटचा खिसा ताठ उभा.

थोरली परत टेबलापाशी गेली. त्या खिशावर तळहात ठेवला. थांबली. "मी आहे," असं म्हणाली. मोठ्याने म्हणाली. पुन्हा तिथे आडवी झाली, त्याच कुशीवर, श्वास धरून.

टेबलावरचं ऊन सरकून फरशीवर गेलं. फरशीवरून दारात गेलं.

काहीही हललं नाही.

गादी घरी परत गेली. थापीला तिने हात लावला नाही. फाटका खिसा तेवढा चिकटवून घेतला आणि कडेची पट्टी स्वतः शिवली.

आई आता जेवते. झोपतेही. कधी सकाळी कुरकुरते, "काल काय ती तळमळ! मेलं डोळ्याला डोळा लागू दिला नाही." शेजारणी ऐकतात आणि एकमेकींकडे बघतात. आईचा चेहरा मात्र भरलेला असतो.

उस्ताद त्या गादीबद्दल विचारत नाहीत. पण गाभा तयार झाला की जाऊ देण्याआधी ते एकदा खाली वाकून त्यावर पूर्ण हात फिरवतात, मधल्या रेघेवरून. पूर्वी फिरवत नसत.

थोरलीला अजून कळलेलं नाही की त्या दुपारी हात कोणाकडे येत होता. आईची जागा होती, म्हणून आईकडे? की टेबलावर कोण आहे ते त्यांना ठाऊक होतं? जिन्यावर पाऊल वाजलं तरी बाबा ओळखायचे की थोरली आली.

पहिल्या वेळी आई झोपेत होती. तिला कळणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या वेळी थोरली जागी होती.

आता रात्री आपल्या खोलीत ती भिंतीकडे तोंड करून निजते आणि पाठीमागे माणसाएवढी जागा मोकळी ठेवते. अजिबात न हलता पडून राहणं तिला आता जमतं. तासन् तास जमतं.

मागची जागा अजून एकदाही दबलेली नाही.